आधी शहर कळू दे

बरकतपुऱ्यातल्या त्या फाटकावर टू-लेटची पाटी पाहिली आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला राग आला. आजूबाजूची घरं केव्हाच पाडली गेली, त्यांच्या जागी चार-पाच मजले उठले, गाड्या रस्त्यातच उभ्या राहायला लागल्या. हे एक दुमजली घर तेवढं राहिलंय. हिरवं लोखंडी फाटक, त्यामागे तीन पायऱ्या आणि उजव्या हाताला वरच्या पोर्शनचा वेगळा जिना. तेव्हा पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं, आता छापील आहे, एवढाच फरक.

“आत्या, इथे राहायचा तुम्ही?” केतकीनं विचारलं.

केतकी माझ्या चुलतभावाची मुलगी. तिला इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आहे. नवरा पुढच्या महिन्यात पुण्याहून येईल, तोवर ती आमच्याकडे उतरली आहे आणि घर शोधते आहे. माझे वडील गेले चार दिवस सकाळच्या चहाला तिला एकच गोष्ट सांगताहेत. “अनोळखी गावात एकदम घर घ्यायचं नाही. दोन वर्षं भाड्यानं राहायचं. आधी शहर कळू दे. आम्ही तेच केलं.”

आम्ही तेच केलं. चार दिवस मी हे पोळ्या लाटता लाटता ऐकते आहे, आणि चार दिवस माझ्या पोळ्या जाड होताहेत.

जिन्यात तोच वास होता. ओल्या चुन्याचा, कुणाच्या तरी गच्चीवर वाळणाऱ्या चिंचेचा आणि तापलेल्या तिळाच्या तेलाचा. केतकी पुढे चढून गेली. मी मधल्या पायरीवर थांबले, कारण वरून आईचा आवाज येईल असं उगाच वाटलं. “चपला बाहेर काढ. खालच्या काकूंनी जिना पुसलाय.”

आम्ही आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबांनी पुण्याची कारखान्यातली कायमची नोकरी सोडली आणि हैदराबादला औषधं बनवणाऱ्या एका नव्या कंपनीत आले. ते दिवसच तसे होते. रोज नवी कंपनी, नवी मोटार, टीव्हीवर नवी वाहिनी. बाबा पेपर असा वाचायचे, की जणू त्यातली प्रत्येक बातमी त्यांच्या नावानं आलेलं पत्र आहे. पुण्याच्या स्टेशनावर आजोबा म्हणाले, “तिकडे गेल्यावर चार भिंती तरी स्वतःच्या घ्या.” तेव्हा बाबांनी पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं. आधी शहर कळू दे. आई शेजारी ट्रंकेवर बसली होती. तिनं मान हलवली. ती ते वाक्य मनापासून ऐकणारी एकटीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

घरमालकीण यमुनाकाकू खाली राहायच्या, आम्ही वर. काकू मराठीच, पण त्यांची मराठी आम्हाला पहिले दोन महिने अर्धीच कळायची. त्यांचं घराणं मूळचं मराठवाड्याकडचं, शेतीवाडीचं. निजामाच्या राज्यात सासऱ्यांनी अफझलगंजला धान्याचं दुकान टाकलं आणि मग इथलेच झाले. पहिल्याच दिवशी त्या जिन्याखाली उभ्या राहून ओरडल्या, “ओ बाई, संपात पानी पडू लालंय, वर मोटर चालू करा!” आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. पुण्यात संप म्हणजे कामगारांचा. इथे संप म्हणजे अंगणातली जमिनीखालची टाकी. ते कळल्यावर आई जिन्यात बसून हसली. अशी हसलेली आई मी पुण्यात पाहिली नव्हती. पुण्याला आमच्या घरी सासू-सासरे, दोन दीर, येणारे-जाणारे असे सगळे असायचे, आणि तिच्या हसण्याला जागा नव्हती.

त्या दोन वर्षांचे ऋतू मला पुस्तकातल्यासारखे आठवत नाहीत, वासांनी आठवतात. उन्हाळा म्हणजे मोहरी दळल्याचा झणका. शेजारच्या तेलुगू घरात आवकायचं, म्हणजे कैरीचं, लोणचं घालायचे आणि सगळ्या गल्लीचे डोळे चुरचुरायचे. संध्याकाळी काकू गच्चीवर पाणी शिंपडायच्या, तापलेल्या फरशीतून वाफ निघायची, आणि आम्ही त्या ओल्या फरशीवर उताणे पडायचो. थंडी म्हणजे सीताफळांच्या टोपल्या आणि त्यांच्या पिकत जाण्याचा गोडसर, थोडा आंबूस वास. सगळ्या ऋतूंत सकाळी साडेसातला गल्लीच्या तोंडाशी एकच हाक उठायची. “आकुकूरालम्मा!” पालेभाज्या घ्या गं बायांनो. ही अंजम्मा.

अंजम्मा डोक्यावर टोपली घेऊन यायची. तिच्या लुगड्याला ओल्या मातीचा वास असायचा. शहराच्या पश्चिमेला, बस जिथे संपते त्याच्याही पुढे तिचं गाव होतं. पहाटे भाजी उपटून ती पहिल्या बसनं यायची. आईनं पहिल्या दिवशी तिच्याकडून अंबाडी घेतली आणि म्हणाली, “ही तर आमची अंबाडी!” अंजम्मा म्हणाली, “गोंगुरा, अम्मा.” दोघी पायरीवर बसल्या. ही अंबाडी म्हणायची, ती गोंगुरा म्हणायची. त्या दिवसापासून आईची वही सुरू झाली.

साधी शाळेची दुरेघी वही. एका बाजूला मराठी शब्द, समोर तेलुगू, मराठी अक्षरांत. मग त्यात बसचे नंबर आले. कुठल्या भागात नळाला किती वेळ पाणी येतं ते आलं. कुठे विहिरी आहेत, कुठे बोअर आटतात, पावसात कुठल्या गल्लीत गुडघाभर पाणी साचतं, कुठल्या डॉक्टरीणबाई दुपारीही दार उघडतात, मराठी पुस्तकं कुठे वाचायला मिळतात. बाबांनी एक वाक्य म्हटलं होतं आणि आईनं ते काम म्हणून अंगावर घेतलं. दुपारचं आवरलं की ती निघायची. शाळेला सुट्टी असली की मला घेऊन जायची. अफझलगंजच्या दुकानांत तांदळाच्या पोत्यात हात घालून ती दाणे नाकाशी धरायची, दुकानदार तिच्याशी दखनी उर्दूत बोलायचा आणि ती मराठीत. दोघांचं छान जमायचं. बरकतपुऱ्यापासून नल्लकुंट्यापर्यंत आम्ही किती वेळा चाललो असू! ती घरांकडे बघत चालायची. भिंतीला ओल किती उंच चढलीय ते बघायची. “पाण्याची रेघ बघावी,” म्हणायची. “भिंत खोटं बोलत नाही.”

बाबांचं शहर एवढंच होतं: सकाळी कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी यायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची. रविवारी झोप. त्यांच्या शर्टांना औषधांचा कडू वास यायचा, आई तो साबणानं दोनदा धुवायची, तरी जायचा नाही. मी त्यांच्यावर तेव्हा रागावले नव्हते. तेव्हा मला आईचाच राग यायचा. उन्हात चालवते म्हणून, दुकानात तेलुगू चुकीचं बोलते म्हणून, माझ्या वर्गातल्या मुलींसमोर भाजीवालीशी गप्पा मारत बसते म्हणून. हेही लिहायला हवं.

दुसऱ्या वर्षी नवरात्रात अंजम्मानं आईला बतुकम्मासाठी गावी बोलावलं. थोरल्या जावेला विचारावं तसं आईनं यमुनाकाकूंना विचारलं, “जाऊ का हो?” काकू म्हणाल्या, “जा की. आमच्या भोंडल्यासारखंच असतंय. आपन हत्ती मांडतो, हे फुलं रचतात.” दोन बस बदलून आम्ही गेलो. अंजम्माच्या अंगणात बायका पितळी ताटांत फुलांचे थर चढवत होत्या. खाली पिवळाधमक तरवड, त्यावर कुरडूचे तुरे, त्यावर झेंडू, सगळ्यात वर भोपळ्याचं फूल आणि हळदीची गौरी. आईनंही एक ताट रचलं. मग त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत फेर धरला. शब्द येत नव्हते, तरी ती प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांच्या सुरात सूर मिसळत होती. तिच्या केसांत तरवडाची पाकळी अडकली होती. त्या संध्याकाळची आई माझ्याकडे जशीच्या तशी आहे, आणि मी तिच्याशी पुढे काय केलं तेही जसंच्या तसं आहे.

फुलं सोडायला सगळ्या तळ्याकडे निघाल्या. तीन वर्षं पाऊस कमी झाला होता. तळं आत आत सरकलं होतं आणि आम्ही भेगाळलेल्या जमिनीवरून बराच वेळ चालत राहिलो. पायाखाली शिंपले कुरकुरत होते. डाव्या हाताला मोठाले दगड एकावर एक ठेवल्यासारखी टेकडी, तिच्या पायथ्याशी ताडाची सात झाडं. मधेच आई थांबली. जमिनीत पांढऱ्या चुन्यानं रंगवलेले लहान लहान दगड ओळीत पुरलेले होते.

“हे काय गं?” आईनं विचारलं.

“प्लाटिंग, अम्मा,” अंजम्मा म्हणाली. मग तिनं मागे वळून ताडांकडे हात केला. ताडांच्या बुंध्यांवर माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर काळसर रेघ होती. “वो देखो. पानी वाँ तक आता. ये सब चेरुवु है अम्मा, पूरा तलाव. अब्बी नै है, पन आता. जरूर आता.”

आईनं ती रेघ बघितली. मग पायाखालची जमीन बघितली. माझा हात धरून म्हणाली, “बघून ठेव.” मी बघून ठेवलं.

त्याच हिवाळ्यात आईला नल्लकुंट्यात घर सापडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विहीर आणि कढीलिंबाचं झाड. मालक मुलाकडे परगावी चालले होते. आई ते घर सकाळी बघून आली, दुपारी बघून आली, दिवे लागताना बघून आली. शेजारणींशी बोलली. विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली. उन्हाळ्यातही आटत नाही, हे तिनं तीन जणींकडून वदवून घेतलं. बाबांना म्हणाली, “एकदा येऊन बघा.” बाबा म्हणाले, “या रविवारी.” तो रविवार गेला, पुढचाही गेला. चौथ्या रविवारी म्हणाले, “जुनं आहे गं. आता जुन्यात कोण राहतं?”

मग एका संध्याकाळी ते कंपनीतून आले ते हातात एक गुळगुळीत कागद घेऊन. कंपनीतल्या सहा-सात जणांनी मिळून बुकिंग केलं होतं. बाबांनीही सही करून टाकली होती, बोलणं तेवढं राहिलं होतं. त्या कागदाला नवा, शाईचा, परदेशी वाटावा असा वास होता. त्यावर गुलाबी इमारत होती, कारंजं होतं, तळमजल्याच्या प्रत्येक घराला छोटी बाग होती, आणि एका खोलीच्या खिडकीत टेबलाशी बसून एक मुलगी अभ्यास करत होती. मला तोपर्यंत स्वतःची खोली कधीच नव्हती. मी त्या मुलीकडे बघत राहिले.

चित्राच्या मागे दगडावर दगड ठेवलेली टेकडी होती. ताडाची झाडं होती. मी मोजली. सात.

आईनं पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि कागद हातात घेतला. “अहो, ही जागा तळ्यातली आहे.”

“काय?”

“अंजम्माचं गाव आहे हे. आम्ही गेलो होतो ना दसऱ्याच्या आधी. पाऊस चांगला झाला की इथे पाणी असतं. झाडांवर रेघ आहे.”

“कोण अंजम्मा?” बाबा म्हणाले.

दोन वर्षं रोज सकाळी ती बाई आमच्या दारात बसत होती. ते तिला ओलांडून कंपनीच्या बसला जात होते.

“भाजीवाली,” आई म्हणाली.

“भाजीवालीला विचारून घर घेऊ मी? अगं, इंजिनियरांनी नकाशे पास केलेत. बँक कर्ज देतेय. त्या सगळ्यांना कळत नाही आणि तुझ्या अंजम्माला कळतं?” मग ते माझ्याकडे वळले. आवाज मऊ केला. “तू होतीस ना बरोबर? तूच सांग. तळं होतं तिथे?”

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. आई माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती. तिनं मला बघून ठेवायला सांगितलं होतं आणि मी बघून ठेवलं होतं.

मी म्हणाले, “सगळी सुकी जमीन होती, बाबा. आईला आपलं उगाच वाटतं.”

पहिलं वाक्य खरं होतं. खोटं बोलायची याहून नीच पद्धत मला आजवर सापडलेली नाही.

आईनं करपलेली पोळी काढून स्वतःच्या ताटात ठेवली आणि दुसरी टाकली.

बरकतपुरा सोडताना यमुनाकाकूंनी आईची ओटी भरली. “आधी शहर कळू दे, कळू दे म्हणत होते ना तुमचे साहेब,” काकू म्हणाल्या, “आता कळालं म्हणायचं.” आई हसली. ते जिन्यात बसून हसलेलं हसू नव्हतं. टेम्पोत सामान चढलं, मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले, आणि गल्लीकडे मागे वळून बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात ती खिडकी होती.

खिडकी मिळाली. टेबलही मिळालं. नव्या रंगाच्या वासानं आठवडाभर डोकं दुखलं, आणि तो वास मला जगातला सगळ्यात श्रीमंत वास वाटला. कारंजं कधीच सुरू झालं नाही. बाग म्हणजे चार हात माती होती. त्यात कुदळ मारली की शिंपले निघायचे. आई ते वेचून कुंपणाबाहेर टाकायची. अंजम्माचं गाव आता आमच्या कंपाउंडच्या भिंतीमागे होतं आणि तिचे भाजीचे वाफे आमच्या पार्किंगखाली. ती एकदा आली. वॉचमननं तिला फाटकाशी अडवलं. आई धावत गेली, तिच्यामागे मी. अंजम्मानं आईकडे बघितलं, मग त्या गुलाबी इमारतीकडे बघितलं.

“अम्मा,” ती म्हणाली, “तुमे भी इदरिच लिए?”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच आई खाली बघत राहिली. तिनं काही न घेता अंजम्माला निरोप दिला. मला वाटतं आईला त्या दिवशी जेवढी लाज वाटली, तेवढी पुढे कधी वाटली नसेल. आणि लाज वाटायचं तिला काहीच कारण नव्हतं. कारण होतं ते बाबांना आणि मला. आम्ही मजेत होतो.

तिथल्या तिसऱ्या वर्षी पाऊस मन लावून पडला. चौथ्या दिवशी दुपारी आधी न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर आलं. फार शांतपणे आलं. त्याला गटाराचा वास नव्हता, चिखलाचा, शेवाळाचा आणि कुजलेल्या पानांचा होता. रोज सकाळी अंजम्माच्या लुगड्याला यायचा तोच. मग ते दाराखालून आलं. आम्ही जेमतेम गाद्या वर फेकल्या. तासाभरात कमरेपर्यंत पाणी होतं आणि मी दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांच्या घरात उभी राहून खाली बघत होते. माझं टेबल तरंगत खिडकीपर्यंत गेलं आणि तिथे आडवं होऊन अडकलं. तीन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा दिवाणखान्यात बोटाएवढे मासे मरून पडले होते. कपाट फुगलं होतं, आईच्या पैठणीचा रंग लग्नाच्या फोटोंना लागला होता. आणि वही लगदा झाली होती. शब्द, बसचे नंबर, विहिरी, गल्ल्या सगळं मिळून निळा गोळा. आईनं तो पिळून पाहिला आणि केरात टाकला.

भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला रेघ राहिली.

मला वाटलं होतं आई आता बोलेल. मी तिच्या बोलण्याची वाट बघत होते, खरंच. तिनं ओरडावं, ताटं आपटावीत, पुण्याला निघून जावं. ती फरशी घासत राहिली. आणि बाबा दारात उभे राहून शेजाऱ्यांना म्हणाले, “फसवलं हो आपल्याला. कुणाला माहीत होतं हे तळं आहे म्हणून?”

ते वाक्य मी पुढे वीस-बावीस वर्षं ऐकलं. बिल्डरविरुद्धच्या सभांमध्ये, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर, लग्नांत, मुंजीत. कुणाला माहीत होतं? घर विकायचं म्हटलं तर ते घेणार कोण? आम्ही तिथेच राहिलो. पाऊस चांगला झाला की पाणी यायचं. मग आई पलंगाच्या पायांखाली विटा सरकवायची, तांदळाचे डबे माळ्यावर चढवायची आणि शेजारणींना सांगायची की आता येईल. ती सांगायची तेव्हा यायचंच. सगळी सोसायटी तिला विचारायला लागली होती. बाबा कधीच विचारायचे नाहीत. ते वाक्य म्हणायचे तेव्हा ती शेजारी बसून चहा गाळत असायची आणि मी दोघांच्या मधे बसलेली असायची. त्यांनी कधी तिच्याकडे बघितलं नाही. तिनं कधी माझ्याकडे बघितलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती त्याच घरात गेली, साध्या तापानं, उन्हाळ्यात, बाहेर सगळं कोरडं असताना.

“आत्या, या ना वर!” केतकी जिन्याच्या टोकाशी उभी होती. “मस्त आहे. हवा पण आहे. रस्त्यात पाणी साचतं का हो इथे?”

“नाही साचत,” मी म्हणाले. एवढ्या वर्षांनी मला कुणीतरी शहराबद्दल विचारलं होतं आणि मला उत्तर माहीत होतं. ते माझं नव्हतंच. ते आईच्या वहीतलं होतं.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. आता बाबा माझ्याकडे असतात. एक्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू नीट येतं, आठवतंही नीट. केतकीनं सांगितलं की घर पसंत आहे. बाबा खूश झाले. “शाबास. दोन वर्षं काढा तिथे. आधी शहर—”

“पण आजोबा,” केतकी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं तिनं. “तुम्ही दोन वर्षं राहिलात ना आधी? मग तुम्हाला कळलं नाही ते तळं आहे म्हणून?”

“कुणाला माहीत होतं गं?” बाबा म्हणाले.

माझ्या हातात वाढायचा डाव होता. तो मी पातेल्यात टाकला तेव्हा आमटी उडाली. “आईला माहीत होतं,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “तिनं तुम्हाला सांगितलं होतं. स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, कोण अंजम्मा. बावीस वर्षं तिच्यासमोर बसून हे वाक्य म्हणालात तुम्ही, एकदा, एकदा तरी तिच्याकडे बघायचं!”

केतकी जेवायची थांबली. मला वाटलं बाबा चिडतील, नाहीतर विसरल्याचं सोंग घेतील. ते घोटभर पाणी प्यायले.

“आठवतंय मला,” ते म्हणाले. “आणि मी तुला विचारलं होतं. तू काय म्हणालीस?”

केतकी माझ्याकडे बघायला लागली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती.

“मी खोटं बोलले,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हे तोंडातून बाहेर आलं, आणि तेही ज्यांना सांगून काही उपयोग नाही त्यांच्यासमोर. “मला खोली हवी होती.”

“कळलं होतं मला,” बाबा म्हणाले. “तेव्हाच कळलं. तुझ्या चेहऱ्यावरून. मला तेच हवं होतं.”

ते पुन्हा जेवायला लागले. हळूहळू, घास नीट चावत. शितं ताटाबाहेर सांडत होती. अशा म्हाताऱ्या माणसाकडे बघून मायेनं भरून येतं म्हणतात. मला आलं नाही. मी तिथे उभी होते, माझ्या साडीवर आमटीचे डाग होते, आणि मला त्यांचा एवढा राग येत होता की कान तापले होते. त्यातला निम्मा राग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. तो वाटेतूनच माझ्याकडे परत फिरत होता.

“भात वाढ,” बाबा म्हणाले.

केतकी उठली आणि तिनं वाढला.